थोरलीचं कोरं पान

४ फेब्रुवारी, मंगळवार

नोंदीचे काही कोरे कागद घरी आणले आहेत. कामाचे कागद घरी नेऊ नयेत असा नियम आहे, पण यांच्यावरच्या रेघा छापताना तिरक्या गेल्या आहेत आणि ते रद्दीतच जाणार होते. आमच्या डॉक्टरांनी डिसेंबरातच सांगितलं होतं, बोलता येत नसेल तर लिहीत जा. मी मान हलवून आलो होतो. लिहिलं काहीच नाही. आज लिहितो आहे, कारण आज भीती वाटली आणि सांगावं असं कुणी घरात नाही. घरात लेक आहे, पण भीती तिच्याबद्दलच आहे.

पुढेमागे हे कागद दुसऱ्या कुणाच्या हाती लागले तर कळावं म्हणून आधी कामाबद्दल. मी प्राण्यांच्या संशोधन केंद्रात नोंदी करतो. एकोणीस वर्षं झाली. पिंजऱ्यांमध्ये कॅमेरे आहेत. त्यांचं चित्रण मी पडद्यावर बघतो आणि प्राणी एकामागून एक काय करतो ते लिहितो. झोपला, उठला, अंग चाटलं, पाण्यात गेला. पूर्वी नुसत्या बेरजा असायच्या, कुठली हालचाल किती वेळा. आमच्या प्रमुख बाई आल्या तेव्हापासून पद्धत बदलली. त्या म्हणतात, प्राणी काय करतो हे अर्धंच झालं, कशानंतर काय करतो ते लिहा. आता प्रत्येक हालचालीचा एक ठिपका काढायचा आणि एकीनंतर दुसरी झाली की पहिल्या ठिपक्यापासून दुसऱ्याकडे बाण. जितक्या वेळा घडेल तितका बाण जाड. याला त्या ग्राफ म्हणतात. निरोगी प्राण्याच्या ग्राफमध्ये बाण सगळीकडे पसरलेले असतात, विस्कटलेल्या लोकरीसारखे. प्राणी आजारी असला किंवा घाबरलेला असला की बाण कमी होत जातात, उरलेले जाड होतात आणि शेवटी एक वेटोळं राहतं. तीनचार ठिपके, गोल गोल. बाहेर पडणारा बाण नाही.

संध्याकाळी मी माझ्या खोलीत पलंगावर बसलो होतो. ही, माझी बायको, गेल्यापासून मी वर झोपत नाही, खालची लहान खोली घेतली आहे. दार अर्धवट उघडं असतं आणि कपाटाच्या आरशात जिना दिसतो. लेक जिना उतरत होती. खालून तिसऱ्या पायरीवर थांबली. उजव्या हाताने डावं मनगट धरलं. जिन्यातला दिवा बंद होता, तोंड दिसलं नाही. बराच वेळ तशीच उभी होती. मग स्वयंपाकघरात गेली. नळ सुटल्याचा आवाज आला आणि पाणी वाहतच राहिलं.

ऑगस्टमध्ये ही नेमकं हेच करायची. तिसरी पायरी, डावा हात, उघडा नळ. सप्टेंबरात एका सकाळी त्याच पायरीवर बसली आणि उठली नाही.


५ फेब्रुवारी, बुधवार

आज पुन्हा. सकाळी साडेसातला, कामावर जाण्यापूर्वी. पायरी, मनगट, नळ.

हिच्या वेळी रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरने मला विचारलं होतं, "आधी काहीच जाणवलं नाही का तुम्हाला? डोक्यात रक्तस्राव होण्याआधी बरेचदा खुणा असतात." त्याने सहज विचारलं. मी नाही म्हणालो. मग त्याने अर्जावर लिहायला माझा व्यवसाय विचारला. मी "निरीक्षक" म्हणालो.

बाईंचा एक नियम आहे: एका नोंदीवरून बाण काढायचा नाही. निदान दहा नोंदी हव्यात. हा नियम आज दिवसभर मनात घोळवला. दोनच झाल्या आहेत.


८ फेब्रुवारी, शनिवार

सहा झाल्या.

लेकीचं पान सुरू केलं. हे बरं की वाईट, माहीत नाही. बापाने लेकीची अशी टिपणं ठेवावीत का? पण मला बघणं एवढंच येतं, आणि एकदा बघायचं राहून गेलं. आता राहू द्यायचं नाही. सकाळी साडेसहा ते साडेसात आणि संध्याकाळी सहा ते आठ मी आरशासमोर बसतो. कुशीवर वळत नाही, पुस्तक घेत नाही. पानं उलटताना नजर हलते.

डॉक्टरांनी मन शांत राहावं म्हणून दिलेल्या गोळ्या मी घेत नाही, हेही इथे लिहून ठेवतो. सकाळी एक, संध्याकाळी एक. गोळ्यांनी डोळे जड होतात, पडद्यावरची निम्मी हालचाल निसटते. बारा जानेवारीपासून बंद केल्या. लेकीला काळजी नको म्हणून पाकिटातून वेळच्या वेळी काढतो, रिकामं पाकीट टोपलीत टाकतो आणि गोळी हिच्या बटणांच्या डबीत ठेवतो. डबी कपाटाशेजारच्या फळीवर आहे. बटणं मी आधीच एका पिशवीत काढून ठेवली होती.


११ फेब्रुवारी, मंगळवार

कामावर आज बैठक झाली. सध्या माझ्याकडे पाणमांजराच्या दोन माद्या आहेत, थोरली आणि धाकटी. धाकटीचा ग्राफ बिघडला आहे. दगडापाशी दोन पायांवर उभी राहते, पाण्यात शिरते, भिंतीला वळसा घालते, बाहेर येते, पुन्हा उभी राहते. तीन आठवड्यांत चारशे बारा वेळा. दुसरीकडे जाणारे बाण जवळपास संपले आहेत.

पशुवैद्य म्हणाले, "सरळ आहे. डोकं बिघडलंय हिचं. चोवीस तारखेला वेगळी करू, म्हणजे थोरलीला तरी त्रास नको."

माशांची बादली घेऊन पहिलवान दारात उभा होता. तो प्राण्यांना खायला घालतो. अंगाने काडी आहे, म्हणून सगळे त्याला पहिलवान म्हणतात. तो म्हणाला, "थोरली गुणाची हो. ताटात एक खवला ठेवत नाही. ही धाकटीच नुसती वळवळ करते."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला काय वाटतं?"

मला एकदम लेकीचं पान आठवलं. "वेगळं केल्यावर ती जगेल का?" एवढंच विचारलं.

"जगेल की," पशुवैद्य म्हणाले. "काय मरायला टेकलीय का ती?"

बाई म्हणाल्या, ग्राफ पुरा होऊ दे, मग ठरवू.

बाहेर पडताना पहिलवानाने माझ्या कमरेचा पट्टा बघितला. मी त्याला खिळ्याने दोन नवी भोकं पाडली आहेत. "साहेब, आता माझं नाव तुम्हाला देऊन टाकतो," तो म्हणाला. "घरी जेवता की तिथंही नुसतं बघत बसता?"

मी हसलो. तो हसला नाही.


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मेहुणीचा फोन आला. हिची धाकटी बहीण. सुरुवातच अशी: "भावोजी, आहात का? की मी भिंतीशी बोलतेय?"

"आहे."

"मोजून दोन अक्षरं बोलता तुम्ही. ताई कसं निभावून नेत होती कोण जाणे. पोरीशी तरी बोलता का?"

"बोलतो."

"काय बोलता? आज काय बोललात ते सांगा."

मला सांगता येईना. आज मी तिला "येतो" म्हणालो होतो आणि ती "छत्री" म्हणाली होती.

फोन ठेवल्यावर कागदावर घरातली माणसं काढली, तीन ठिपके. कोण कुणाशी बोलायचं त्याचे बाण. लेकीचं सगळं हिच्याकडे जायचं, माझंही हिच्याकडे. लेकीला परीक्षेत कमी गुण पडले ते मला हिने सांगितलं. तिने चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली तेही हिनेच. मला लेकीचा अभिमान वाटतो हे लेकीला हिने सांगितलं असणार, मी कधी सांगितलेलं नाही. आमच्या दोघांमध्ये सरळ बाण जवळपास नव्हताच. मागे एकदा बाईंनी माकडांच्या कळपाच्या ग्राफमध्ये असा एक ठिपका दाखवला होता. तो पुसला की चित्राचे दोन तुकडे होतात.

संध्याकाळी लेक चहा घेऊन समोर बसली. हे ती हल्ली रोज करते.

"आज काय केलंत, बाबा?"

"काम."

"आणि घरी आल्यावर?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? इतका वेळ खोलीत होता ना?"

"बसलो होतो."

तिने कप खाली ठेवला आणि डावं मनगट धरलं. मी तिच्या बोटांकडे बघत राहिलो. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. हात बधिर होतो का, एवढं विचारायचं होतं. विचारलं नाही. विचारल्याने ते खरं होईल असं काहीतरी वाटलं.


१७ फेब्रुवारी, सोमवार

नोंदी एकवीस झाल्या. रविवारी ती बाहेर गेल्यावर ग्राफ काढला.

जिना उतरते. तिसऱ्या पायरीवर थांबते. मनगट धरते. मी संडासात किंवा आंघोळीला गेलो की माझ्या खोलीत शिरते, एखादं मिनिट; आतून पावलं ऐकू येतात. मग स्वयंपाकघर, नळ. पेला भरत नाही, नुसतं पाणी सोडते. मग जिना चढते. पुन्हा उतरते. मधे गाणं नाही, मैत्रिणीचा फोन नाही. पूर्वी ती भांडी घासताना गाणी म्हणायची, मी वैतागायचो.

बाण सगळे जाड. वेटोळं आहे.

मग आठवून आठवून ऑगस्टमधला हिचा ग्राफ त्याच्या शेजारी काढला. आठवणीवरून नोंद करायची नाही असा नियम आहे, तो मोडला. दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. पायरीवर पायरी आली, मनगटावर मनगट, नळावर नळ. कागद सरकत होते. मी ते काचेवर तसेच दाबून उभा राहिलो.

माझ्या खोलीत शिरते तो एक ठिपका हिच्या चित्रात नव्हता. तो मी सोडून दिला.


१९ फेब्रुवारी, बुधवार

डबीतल्या गोळ्या मोजल्या. आज सकाळपर्यंत सत्त्याहत्तर हव्यात. एकतीस आहेत.

तीनदा मोजल्या. पलंगाखाली, फळीच्या मागे बघितलं.

तिचं एक मिनिट खोलीत शिरणं आता कळलं. ती माझ्या गोळ्या घेते आहे. हात बधिर होत असेल, डोकं दुखत असेल, सांगायला कुणी नाही म्हणून समोर दिसेल ते गिळते आहे. किंवा तसं नसेल आणि त्याहून वाईट काही असेल. ते मी लिहीत नाही.

डबी उचलून ठेवावी असं मनात आलं. पण मग मला कळलं आहे हे तिला कळेल आणि ती दुसरं काहीतरी शोधेल. डबी होती तिथे, होती तशीच ठेवली. संध्याकाळची गोळी मात्र डबीत टाकली नाही, शर्टाच्या खिशात ठेवली.


२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी बघितलं तर धुवायच्या ढिगातल्या माझ्या सगळ्या कपड्यांचे खिसे उलटे केलेले होते. ही पण धुण्याआधी खिसे बघायची. कालची गोळी खिशात राहिली होती. ती नाही.

लेकीचा चेहरा आज पांढरा आहे. धीर करून विचारलं.

"तुला एकदा डॉक्टरांकडे घेऊन जातो."

"मला? मला काय झालंय?"

"असंच. डोक्याचा फोटो काढून घेऊ."

"तुम्ही याल बरोबर?"

"येईन की."

"मग तुम्हीही दाखवून घ्या. दोघंही जाऊ."

"माझं काय दाखवायचं? मी बरा आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली, पण हसू नुसतं ओठांवर होतं. "डोळे दाखवायचे तर माझ्या दुकानात या, बाबा. दोन चष्मे घेतलेत तर पुसायचं फडकं फुकट."

विषय बदलण्यात ती आईवर गेली आहे. मी हरलो. तिने मला दारापर्यंत सोडलं. कोपऱ्यावर वळून बघितलं तर अजून दारातच उभी होती, मनगट धरून.

दिवसभर पडद्यासमोर बसलो आणि काय बघितलं ते सांगता येणार नाही. दर तासाला दुकानात फोन केला. तिचा आवाज आला की ठेवून दिला.


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बाई आज माझ्यावर चिडल्या. एकोणीस वर्षांत माझ्यावर कुणी चिडलेलं नाही.

धाकटीचा पुरा ग्राफ घेऊन गेलो होतो. त्यांनी विचारलं, "थोरलीचं पान?"

मी दिलं. त्यावर तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे "काही नाही" लिहिलेलं होतं.

"हे काय?"

"ती बिळातच असते, बाई. दिसत नाही. लिहिण्यासारखं काही करत नाही."

"'काही नाही' नावाची हालचाल नसते. दिसत नाही, तर 'दिसत नाही' लिहा. किती वाजता दिसेनाशी झाली ते लिहा. एका पिंजऱ्यात दोन जीव आहेत आणि तुम्ही एकाचेच बाण काढलेत! तुम्ही हे करावं?"

मी पान उचलून घेतलं.

"चला," त्या म्हणाल्या. "आत जाऊन बसू."

ही आमच्या केंद्राची जुनी रीत आहे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी रिकाम्या पिंजऱ्यात बसवतात, प्राणी बसतो तिथे, तितक्याच उंचीवर. तिथून काय दिसतं ते कळल्याशिवाय पडद्यासमोर बसायचं नाही. मी बसलो होतो, एकोणीस वर्षांपूर्वी. त्यानंतर कधी नाही.

पहिलवानाने दोघींना शेजारच्या पिंजऱ्यात हाकललं. बाई पदर खोचून गुडघ्यांवर आत शिरल्या, मागे मी. धाकटी उभी राहते त्या दगडापाशी आम्ही वाकून बसलो. तिथून थेट थोरलीच्या बिळाचं तोंड दिसत होतं. तेवढंच दिसत होतं.

"अरे देवा, वास बघा," बाई म्हणाल्या.

पहिलवानाने बिळात हात घातला आणि मासा बाहेर काढला. मग दुसरा. बारा निघाले, अख्खे, सडलेले. थोरली तोंडात मासा धरून बिळात जायची आणि खात नव्हती, रचून ठेवत होती. नंतर पशुवैद्यांनी तिचा जबडा उघडला तर मागची दाढ किडलेली.

पहिलवान नुसता कपाळाला हात लावून उभा राहिला. "ताट रिकामं दिसायचं हो, बाई. मला वाटलं, खातेय."

दुपारी मी चित्रण पुन्हा बघितलं, या वेळी दोघींचं. थोरली मासा घेऊन आत गेली की धाकटी उभी राहते. दर वेळी. बिळाकडे बघते, पाण्यात वळसा घालून बिळाच्या तोंडाशी येते, परत जाते, पुन्हा उभी राहते. धाकटीच्या डोक्याला काहीही झालेलं नाही.

घरी आल्यावर लेकीची पानं पुन्हा काढून बसलो. का ते कळलं नाही.


२३ फेब्रुवारी, रविवार

जमेल तसं लिहितो.

सकाळी लेक पाव आणायला गेली. मी पलंगावरून उठलो आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसलो. पाच महिने त्या पायरीवर मी पाय ठेवलेला नाही, ओलांडून जातो.

तिथून दाराच्या फटीतून कपाटाचा आरसा दिसतो. आरशात पलंग दिसतो, माझ्या डोक्याच्या तेलाचा डाग पडलेली उशी दिसते, आणि फळीवरची डबी. तेवढंच दिसतं.

किती वेळ बसलो ठाऊक नाही. दार उघडलं. लेकीने मला पायरीवर बघितलं आणि तिच्या हातातली पिशवी पडली.

"बाबा! काय होतंय? छातीत दुखतंय का? हात हलवा, हात हलवून दाखवा!"

"काही नाही—" म्हणता म्हणता थांबलो. "बसून बघत होतो. तू इथून काय बघतेस ते."

ती भिंतीला टेकून खाली बसली. मी तिचा डावा हात धरला आणि बाही वर केली. मनगटावर हिचं घड्याळ होतं. पट्टा सैल, तो घसरू नये म्हणून धरायला लागतो.

"हात बधिर होत नाही ना तुझा?"

"माझा? का?"

"आणि गोळ्या? त्या घेतेस ना तू?"

"मी कशाला घेईन!" ती ओरडली. मी तिला लहानपणानंतर ओरडताना ऐकलं नव्हतं. "नळाखाली टाकते. वाहून जाईपर्यंत नळ सोडून ठेवते. रोज दोनचार, तुम्ही आंघोळीला गेलात की उचलून ठेवते."

"सगळ्या का नाही टाकल्यास?"

"सगळ्या टाकल्या असत्या तर तुम्हाला कळलं असतं. मग तुम्ही दुसरं काहीतरी शोधलं असतं."

हे वाक्य मी चार दिवसांपूर्वी याच कागदांवर लिहिलं आहे.

"टोपलीत रिकामी पाकिटं आणि डबी भरलेली. जेवत नाही, बोलत नाही. तासन्‌तास आरशात बघत बसता, हलतसुद्धा नाही. मी काय समजायचं, बाबा? आईच्या घड्याळात बघते, दहा मिनिटं आवाज आला नाही की उतरते. आणि गुरुवारी डबीत नवी गोळी नाही! मला वाटलं, आता दुसरीकडे साठवायला लागलात."

"मी आरशात तुला बघत होतो."

"मी तुम्हाला बघत होते."

मी उठून लेकीची पानं आणून तिच्यापुढे ठेवली. तिने सगळी वाचली. चष्म्याच्या दुकानात बारीक अक्षरं वाचायची सवय आहे तिला. मधे एकदा "तिसऱ्या पायरीवर, सोळा मिनिटं" असं मोठ्याने वाचलं आणि रडायला लागली. मी तिला गोळ्या का बंद केल्या ते सांगितलं, की पडद्यावर आणि नंतर तिच्यावर लक्ष ठेवायला डोळे जड नकोत. पहिल्यांदाच मी तिच्याशी इतकं सलग बोललो असेन.

तिने नाक पुसलं. तिचा विश्वास बसला असं मला वाटलं. मग तिने विचारलं, "घ्यायच्या नव्हत्या तर फेकल्या का नाहीत?"

मी तोंड उघडलं. फेकायच्या राहिल्या, म्हणणार होतो. पण रोज दोनदा, सहा आठवडे, बटणं काढून रिकामी केलेल्या डबीत. मी उत्तर शोधलं. ते बारा जानेवारीच्या आधीचं असावं. बटणं मी आधीच काढून ठेवली होती, असं मीच लिहिलं आहे. कशासाठी ते लिहिलेलं नाही.

"सांगा ना."

"माहीत नाही," मी म्हणालो. हे खरं होतं आणि ते ऐकून मला स्वतःचीच भीती वाटली. तीन आठवडे मी ती भीती चुकीच्या पानावर लिहीत होतो.

ती उठली. डबी घेऊन आली, मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि नळ सोडला. दोघांनी मिळून त्या टाकल्या. पाणी बराच वेळ वाहू दिलं. मग तिने पिशवीतली बटणं डबीत ओतली आणि झाकण लावून एकदा हलवून बघितली.

"तुमचं पान कुठाय?" तिने विचारलं.

"माझं नाही केलं. लिहिण्यासारखं काही नव्हतं."

तिने एक कोरा कागद ओढला आणि वर "बाबा" लिहिलं.


२५ फेब्रुवारी, मंगळवार

थोरलीची दाढ काल काढली. धाकटीला वेगळं केलेलं नाही. पहिलवान आता ताटाकडे बघत नाही, घास गिळेपर्यंत थोरलीच्या गळ्याकडे बघत उभा असतो. धाकटी आजही चौदा वेळा उभी राहिली. बाई म्हणाल्या, लगेच नाही जात ते.

उद्या आम्ही दोघं डॉक्टरांकडे जाणार आहोत. लेकीने दोन नावं लिहून वेळ घेतली आहे. डबीबद्दल तीच सांगणार होती. मी म्हणालो, मी सांगतो. ती म्हणाली, "तुम्ही सुरू करा, अडलात की मी आहे." नव्या गोळ्यांचं पाकीट तिच्याकडे असतं.

खोलीतला आरसा तिने कपड्याने झाकायला सांगितला. मी म्हणालो, नको, दार उघडं ठेवतो. पूर्ण उघडं.

आज सकाळी गोळी तिच्यासमोर घेतली. जीभ बाहेर काढून दाखवली, तशी ती हसली, "पुरे, काय लहान आहात का?" मग ती वर जाऊन तयार झाली आणि जिना उतरली. मी पलंगावरून बघत होतो. सवय आहे. तिसऱ्या पायरीवर तिचा पाय पडला आणि थांबला नाही. सरळ खाली आली, चपला घातल्या, "येते, बाबा" म्हणाली.

मी उठून तिच्या पानावर एक ओळ लिहिली: तिसऱ्या पायरीवर थांबली नाही. मग तिने सुरू केलेल्या माझ्या पानावर बघितलं. तिथेही एकच ओळ होती, तिच्या अक्षरात, सकाळी सात वीसची: गोळी घेतली.

एका नोंदीवरून बाण काढायचा नाही. अजून नऊ हव्यात.